खाऱ्या हवेत कॅमेरे बसवण्याचा खर्च

रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीत कुणी धंद्याच्या जागी कॅमेरे बसवायचे मनावर घेतले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चार कॅमेऱ्यांचे किती होतील?" विचारणारा नागावात दोन-चार खोल्या पर्यटकांना देणारा असो, मुरूडच्या बाजारातला किराणा दुकानदार असो, की श्रीवर्धनच्या वाडीत सुपारी वाळवणारा बागायतदार. उत्तरही साधारण ठरलेलेच येते, बावीस-पंचवीस हजार. माझे म्हणणे असे, की हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे. या किनाऱ्यावर कॅमेऱ्याची किंमत हा एकूण खर्चाचा लहान तुकडा असतो. मोठा खर्च मीठ, लाईट, हार्ड डिस्क आणि देखभाल यांच्या वाट्याला जातो, आणि नेमक्या त्याच गोष्टी कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेल्या असतात किंवा नसतातच.

आधी ते कोटेशनच उघडून पाहू. २ मेगापिक्सेलचे साधे कॅमेरे दीड हजाराच्या आसपास, म्हणजे चारांचे ६,०००. चित्रण साठवणारा चार चॅनेलचा डीव्हीआर ३,५००. १ टीबीची हार्ड डिस्क ४,५००. पॉवर सप्लाय ७००. थ्री प्लस वन केबलचे नव्वद मीटरचे बंडल १,८००. पिना आणि प्लास्टिकचे बॉक्स मिळून ७००. फिटिंगची मजुरी कॅमेऱ्यामागे ४०० प्रमाणे १,६००. बेरीज १८,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी, की २२ हजारांच्या वर थोडे. कंपनी, विक्रेता आणि महिना यांप्रमाणे आकडे हजार-दोन हजारांनी इकडेतिकडे होतात, हार्ड डिस्कचे तर फारच. पण बाजाराचा अंदाज यायला एवढे पुरेसे आहे. नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर घेतला तर हाच आकडा दीडपट-दुपटीवर जातो. चित्र जास्त स्वच्छ मिळते, केबल कमी लागते, पण बिघाड शोधायला जाणकार माणूस लागतो आणि तो प्रत्येक गावात नसतो.

आता पुढची पाच वर्षे मोजा. चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून साधारण ३८ वॅट वीज रात्रंदिवस खातात. महिन्याला सत्तावीस युनिट. व्यापारी दर युनिटमागे अकरा रुपये धरला तर महिन्याला तीनशे, पाच वर्षांत १८ हजार. वर्षाला देखभालीचे ३,००० म्हणजे १५ हजार. हार्ड डिस्क एकदा तरी बदलावी लागते, तिचे ६ हजार धरू. दोन कॅमेरे आणि सगळ्या पिना बदलायचे ५ हजार. मूळचे २२ मिळवले की ६६ हजार होतात. म्हणजे खरा खर्च कोटेशनच्या तिप्पट, आणि यात इंटरनेटचे पैसे धरलेलेच नाहीत. दुकानदाराने बावीस हजारांची तयारी केलेली असते. वरचे चव्वेचाळीस हजार निघत नाहीत म्हणून तिसऱ्या पावसाळ्यानंतर चारपैकी दोन कॅमेरे काळे पडतात आणि तसेच राहतात.

ते काळे का पडतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कॅमेऱ्याच्या मागून दोन शेपट्या निघतात, एक चित्राची, एक विजेची. बसवणाऱ्याने घाई केली तर त्यांच्या पिना पडवीच्या वाशाखाली नुसत्या लोंबत सोडलेल्या असतात किंवा काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या असतात. खारा वारा त्या पट्टीच्या आत शिरतो. पहिल्या पावसाळ्यात पिनेवर हिरवट थर धरतो. मग चित्रात आडव्या लाटा दिसायला लागतात, नंतर रंग जातो, आणि एके दिवशी पडद्यावर नुसतीच 'नो व्हिडिओ' अशी पाटी उरते. मालक म्हणतो कॅमेरा गेला. कॅमेरा ठीक असतो, वीस रुपयांची पिन गेलेली असते. पण ती बदलायला अलिबागहून माणूस बोलवायचा, त्याच्या येण्या-जाण्याचे पाचशे द्यायचे, यापेक्षा चालले आहे ते चालू द्या, असे होते.

उपाय महाग नाहीत. प्रत्येक जोड बंद बॉक्समध्ये घ्यायचा, केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा म्हणजे पागोळीचे पाणी आत न शिरता तिथूनच गळून जाते, आणि बॉक्सची तोंडे सिलिकॉनने बुजवायची. स्क्रू लोखंडी नकोत. स्टेनलेस स्टीलमध्येही ३१६ नावाची जात खाऱ्या हवेत टिकते, नेहमीची ३०४ समुद्राजवळ डागाळते. केबल घेताना टोक सोलून आतली तार चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे. ते स्वस्त पडते, पण मुलामा उघडा पडला की खाऱ्या दमटपणात पाहता पाहता सडते. शुद्ध तांब्याचे बंडल काही शेकड्यांनी महाग मिळते, आणि या किनाऱ्यावर वाचवू नये असा तो पहिला पैसा आहे.

खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ असे छापलेले असते आणि विक्रेता ते बोट ठेवून दाखवतो. तो आकडा धूळ आणि पाणी आत शिरण्याबद्दल बोलतो, मिठाबद्दल नाही. पाण्याला दाद न देणाऱ्या कॅमेऱ्याचा रंग मिठाने फुगतो, ब्रॅकेटची खीळ जाम होते आणि काचेवर पांढरा पापुद्रा बसतो. दिवसा हा पापुद्रा जाणवत नाही. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागले की त्यांचाच उजेड त्या मिठावरून परत फिरतो आणि पडद्यावर धुके पसरते. काशिद किंवा आक्षीसारख्या अगदी पुळणीलगतच्या जागी दर पंधरवड्याला काच पुसायलाच हवी. तीही गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने. कोरडे फडके फिरवले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. त्याच दिव्यांवर रात्री किडे येतात, किड्यांवर कोळी येतात, आणि काचेसमोरचे जाळे वाऱ्याने हलले की कॅमेऱ्याला वाटते माणूस आला. रात्रभर मोबाईलवर सूचना वाजत राहतात, चौथ्या दिवशी मालक सूचनाच बंद करून टाकतो. कॅमेऱ्यापासून चार-पाच हात दूर एक साधा एलईडी दिवा लावला आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद ठेवले, तर चित्र रंगीत मिळते आणि कोळीही दिव्याकडे जातात.

वाडीत आणखी एक मोह असतो. माड आणि पोफळी हे आयते खांब, मग कॅमेरा झाडालाच का ठोकू नये? तो ठोकू नये, कारण वाऱ्याने झाड हलले की अख्खे चित्र हलते, आणि हालचालीवर चालणारे रेकॉर्डिंग चोवीस तास चालू राहते. गॅल्वनाइज्ड पाइपाचा खांब सिमेंटात पुरावा, बुडाशी डांबर फासावे. माडाखाली तर कॅमेरा नकोच.

दुसरा मोठा गैरसमज मेगापिक्सेलचा. कॅमेऱ्यात माणूस दिसणे आणि माणूस ओळखू येणे यांत फार अंतर आहे. अनोळखी चेहरा खात्रीने ओळखायचा तर त्या जागी चित्राच्या रुंदीत मीटरमागे सुमारे २५० पिक्सेल हवेत, असा युरोपीय मानकातला हिशेब आहे. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल, म्हणजे पावणेआठ मीटर रुंद दृश्यापर्यंतच चेहरा ओळखता येईल. नेहमी बसवले जाणारे २.८ मिलिमीटरचे भिंग फार रुंद पाहते. त्याच्या समोर तीन मीटरवर उभा असलेला माणूसच काय तो ओळखू येतो. तीच जागा ६ मिलिमीटरच्या भिंगाने पाहिली तर सात-आठ मीटरपर्यंत चेहरा मिळतो, फक्त आजूबाजूचे कमी दिसते. दोन्ही भिंगांचे कॅमेरे जवळपास त्याच किमतीत मिळतात. बसवणारे बहुतेक वेळा रुंद भिंगच का लावतात? मालकाला पडद्यावर अख्खे अंगण दिसले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते म्हणून. चोरी झाल्यावर कळते, की अंगणात कुणीतरी आला होता एवढेच दिसते आहे. म्हणून एक कॅमेरा फाटकाच्या किंवा गल्ल्याच्या तोंडाशी, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीच्या थोडा वर, अरुंद भिंगाचा असावा. बाकीचे रुंद चालतील. आठ रुंद कॅमेऱ्यांपेक्षा असा एक आणि सोबत तीन हे मला जास्त उपयोगी वाटतात, आणि खर्च निम्मा.

तिसरी गोष्ट दिवसांची. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या बऱ्यापैकी दर्जाने साठवत असेल तर दिवसाला साडेएकवीस जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. १ टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते आणि सर्वांत जुने पुसून नवे लिहायला लागते. मुंबईत राहणाऱ्या मालकाचा किहीमचा बंगला ऑगस्टमध्ये फोडला गेला आणि गणपतीला आल्यावर कुलूप तुटलेले दिसले, तर त्या रात्रीचे काही शिल्लक नसते. दर्जा निम्म्यावर उतरवला तर दिवस दुप्पट होतात, चेहरा मात्र पुसट होतो. त्यापेक्षा दुप्पट क्षमतेची डिस्क घेतलेली बरी. आपल्या धंद्यात चोरी किती दिवसांनी लक्षात येते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा आणि मग डिस्क ठरवायची. किराणा दुकानाला पंधरवडा पुरतो. बंद बंगल्याला पंचेचाळीस दिवसही कमी पडतील. बँकांच्या लॉकरखोलीच्या दारावरचे रेकॉर्डिंग किमान १८० दिवस ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना बजावले, त्याचे कारण हेच. लॉकर माणूस महिनोन्‌महिने उघडत नाही.

लाईटचा प्रश्न किनाऱ्यावर वेगळा सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त होता, आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांतली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तसल्या संकटावर कुठलाही इन्व्हर्टर पुरणार नाही. पण नेहमीच्या पावसाळी रात्री, तारेवर फांदी पडून सहा-आठ तास लाईट जाते, त्याची सोय करता येते. संगणकाच्या छोट्या यूपीएसवर चार कॅमेऱ्यांचा संच तास-दीड तास चालतो. १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेल्या घरगुती इन्व्हर्टरवर, पंखे-दिवे त्यावर नसतील तर, एक दिवस-रात्र सहज निघते. पर्यटकांसाठी बऱ्याच घरांनी इन्व्हर्टर घेतलेला असतोच. फक्त डीव्हीआर त्याच्या लाईनवर घ्यायचे राहून जाते. पंखा चालू, कॅमेरा बंद.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा हा दुसरा घाव. घरापासून फाटकापर्यंत वाडीतून शंभर मीटर तांब्याची केबल ओढली, की जवळ पडलेल्या विजेचा झटका त्या केबलमधून थेट डीव्हीआरपर्यंत येतो. आधी एक पोर्ट जळतो, पुढच्या वर्षी दुसरा. नीट अर्थिंग आणि विजेचा झटका अडवणारे उपकरण (सर्ज प्रोटेक्टर) हे कोटेशनमध्ये क्वचितच असतात. फाटक फार लांब असेल तर फायबरची तार ओढावी. नेटवर्कची साधी केबल शंभर मीटरपुढे चालत नाहीच, आणि फायबरमध्ये वीज वाहतच नाही. दोन टोकांची उपकरणे धरून दोन-तीन हजार जास्त पडतात, आणि डीव्हीआर एकदा जळाला तर तेवढेच जातात. लांबच्या कॅमेऱ्याचे आणखी एक दुखणे असते. दिवसा चित्र छान, रात्री गायब. बारीक तारेतून लांबवर नेलेला बारा व्होल्टचा दाब वाटेतच घटतो. दिवसा तो कसाबसा पुरतो, रात्री दिवे लागले की पुरत नाही आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. नवा कॅमेरा आणून काही होत नाही. पॉवर सप्लाय त्याच्या जवळ न्यावा लागतो.

वाडीच्या टोकाला लाईटच नसेल तर हल्ली सिमकार्ड आणि सौर पट्टीवर चालणारे कॅमेरे मिळतात, चार ते सात हजारांत. ऑक्टोबर ते मे ते उत्तम चालतात. जून ते ऑगस्ट सलग मळभ राहते, बॅटरी भरत नाही, आणि वाडी सर्वांत सुनी असते ती तेव्हाच. शिवाय रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच कार्डावर असते. चोराने कॅमेरा काढून नेला की पुरावाही गेला.

धंद्याधंद्यात गरज वेगळी. १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. जाळी, इंजिनाचे सुटे भाग, डिझेल हा सगळा ऐवज महिनोन्‌महिने उघड्यावर किंवा झापाच्या खोपटात पडून राहतो. जीवना बंदर, भरडखोल, बोडणी, थेरोंडा अशा ठिकाणी एकेका नाखवाने कॅमेरा लावण्यात अर्थ नाही. मच्छीमार सोसायटीने जेटीच्या तोंडाशी आणि डिझेल पंपावर मिळून लावावा. पेणच्या गणपती कारखान्यांत मीठ कमी, पण मातीची आणि प्लास्टरची धूळ काचेवर बसते, तिथे पुसण्याचे वेळापत्रकच जास्त महत्त्वाचे. उरणच्या बंदराचे, थळच्या खत कारखान्याचे हिशेब या लेखाच्या बाहेरचे. त्यांच्याकडे नियंत्रण कक्ष असतो आणि पडद्यासमोर पगारी माणूस बसतो. आपण बोलतो आहोत ते ज्यांच्याकडे पडद्यासमोर कुणीच बसत नाही त्यांच्याबद्दल.

गेल्या काही वर्षांत किमती चढल्या त्यामागे एक सरकारी निर्णयही आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. कॅमेऱ्यातली प्रणाली, तिचे पासवर्ड, बाहेरून आत शिरण्याच्या चोरवाटा, हे सगळे मान्य प्रयोगशाळेत तपासून मगच माल विकायचा. अनेक स्वस्त परदेशी कॅमेरे त्यामुळे बाजारातून हटू लागले. छोट्या दुकानदाराला ही महागाई जाचते, आणि तिची झळ खरी आहे. तरीही मी या नियमाच्या बाजूचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लाखभर कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा ठप्प केली. ती उपकरणे कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच चालू होती. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली स्त्रियांच्या तपासणीची दृश्ये टेलिग्रामवर विकली जात असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचेही होते. तिथला पासवर्ड 'अ‍ॅडमिन१२३' या जातीचा होता.

आपल्याकडे घराच्याच चार खोल्या पर्यटकांना दिलेल्या असतात. न्याहारी-निवास योजनेत नोंदलेली घरे तर कुटुंबे विश्वासाने निवडतात. तिथे कॅमेरा फाटकावर, गाड्या लावायच्या जागी आणि ओटीवर एवढाच असावा. खोलीच्या दारात रोखलेला, न्हाणीघराच्या वाटेवरचा, पोहण्याच्या टाकीवरचा कॅमेरा लावूच नये. खासगी अंगाचे चित्रण संमतीवाचून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ वेगळे लागते. 'येथे सीसीटीव्ही आहे' अशी मराठी पाटी शंभर-दीडशे रुपयांत होते आणि तिच्यामुळे पाहुणाही निर्धास्त होतो. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदलावा, आणि मोबाईलवर कुणाकुणाला चित्र दिसते याची यादी मालकाने स्वतः ठेवावी. या कामाला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ते राहते.

चोरी झाली, चित्र मिळाले, पुढे काय? कोर्टात नुसती पेन ड्राइव्ह चालत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला चालला. वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच अट कलम ६३ मध्ये आली, आणि आता प्रमाणपत्रात त्या फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे तिचा आकड्यांतला ठसा, नोंदवावे लागते. दुकानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की घटना कळताच डीव्हीआरला हात न लावता पोलिसांना कळवावे, त्यांच्यासमोर प्रत काढावी आणि मूळ रेकॉर्डिंग आठवड्याभरात पुसले जाणार नाही हे पाहावे. घड्याळही तपासावे. फार दिवस लाईट नसली आणि डीव्हीआरमधला छोटा सेल संपलेला असला, की लाईट आल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग चोर चुकीच्या वर्षी आलेला दिसतो, आणि आरोपीचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

एवढा खर्च करून चोरी थांबते का? ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेरे लावलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी आढळले. परिणाम सर्वांत ठळक होता वाहनतळांवर, आणि हिंसक गुन्ह्यांवर म्हणावा तसा दिसला नाही. ते अभ्यास बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतले, पण कल आपल्यालाही लागू पडेल असा आहे. भुरटी चोरी, गाडीतून सामान उचलणे, गल्ल्यातली हातचलाखी यांना कॅमेरा आळा घालतो. ठरवून, हत्यार घेऊन आलेल्याला नाही.

रायगडच्या किनाऱ्याने याची फार मोठी किंमत दिली आहे. दिवेआगरला १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेश मुखवटा सापडला, त्यामुळे गावात पर्यटन आले, घरोघरी खोल्या झाल्या. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन पहारेकऱ्यांना ठार मारले आणि सव्वा किलोहून जास्त वजनाचा तो मुखवटा नेला. पोलिसांनी आरोपी पकडले, २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने जन्मठेपेसह शिक्षा सुनावल्या, पण मुखवटा तोवर वितळवला गेला होता. २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. मधली वर्षे गावातल्या खोल्या, खानावळी आणि दुकाने यांनी कशी काढली ते दिवेआगरकरांना विचारावे. दोन माणसांचा जीव तर कशानेच भरून येणारा नाही.

यातून निघणारा खर्चाचा हिशेब असा. रात्रीच्या राखणदाराला महिन्याला दहा-बारा हजार द्यावे लागतात. चार कॅमेऱ्यांचा संच त्याच्या दोन पगारांत येतो. म्हणून माणूस कमी करून कॅमेरे लावायचा मोह होतो, आणि तो मोह चुकीचा आहे. उलट एकट्या राखणदाराला फाटकावर बसवून त्याच्या हातात काठी देणेही चूकच. कॅमेऱ्याचा खरा उपयोग राखणदारासाठी आहे. खोलीत कडी लावून बसून त्याला फाटक दिसावे, संशय आला तर बाहेर न पडता ११२ ला फोन करता यावा. तशी जोडणी करायला एक जुना मॉनिटर आणि दहा-वीस मीटर केबल लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली, ती आधी किनाऱ्यावरच्या लोकांच्या नजरेस पडली आणि त्यांनी यंत्रणेला कळवले. १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटके उतरली होती, तोच हा पट्टा. इथे पाहणाऱ्या माणसाचे मोल कमी करून चालणार नाही.

सरकारी पातळीवर सक्तीचे हुकूम निघतात, देखभालीचा पैसा निघत नाही. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवायला सांगितले. त्याच घटनेत शाळेतल्या रेकॉर्डिंगवरून प्रश्न उभे राहिले होते, ते कॅमेरा नसण्याबद्दल नव्हते. आपल्या ग्रामपंचायतींनीही नाक्यावर, जेटीवर कॅमेरे लावले, उद्घाटने झाली. त्यांतले किती आज चालू आहेत, हे दर ग्रामसभेत विचारले जावे, पाणीपट्टीचा हिशेब विचारतात तसे.

माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी आजमावलेली वाट म्हणजे गावाने मिळून करायची देखभाल. नागाव, आक्षी, वरसोली, दिवेआगर अशा गावांत तीस-चाळीस घरे पर्यटनावर आहेत. प्रत्येकाने वर्षाला तीन हजार वेगवेगळ्या माणसांना देण्यापेक्षा एकत्र करार केला तर लाखभर रुपये जमतात, आणि तेवढ्यावर गावातलाच एखादा आयटीआय झालेला मुलगा कायमचा हे काम करू शकतो. करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात, जलक्रीडा आणि होड्या बंद होताना, प्रत्येक पिन, बॉक्स, अर्थिंग तपासायचे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिस्क खरोखर लिहिते आहे का ते मागचे एक चित्र लावून पाहायचे. गणपतीआधी काचा धुवून घड्याळे जुळवायची. आणि एक जादा डीव्हीआर व दोन पॉवर सप्लाय गावात राखीव ठेवायचे, म्हणजे बिघाड झाल्यावर चार दिवस जात नाहीत. फाटकाबाहेरचा रस्ता कुठल्या घरांच्या कॅमेऱ्यात येतो याची यादी जवळच्या पोलीस ठाण्याला द्यावी. मांडवा, दिघी आणि पेण तालुक्यातले दादर इथली सागरी ठाणी लांबलांबच्या किनाऱ्याचा भार वाहतात. तपासाच्या पहिल्या दिवशी दारोदार विचारत फिरण्याऐवजी त्यांच्या हातात ती यादी असली, तर दहा दिवसांत पुसले जाणारे रेकॉर्डिंग तिसऱ्या दिवशी तरी निघेल.